सांगाड्याची साक्ष

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणीं, बखरी आणि जुन्या दप्तरांतील कागद हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. चिखलानें व तेलानें माखलेला, गंजानें पोखरलेला एखाद्या मोटारीचा लोखंडी सांगाडा हाही इतिहासाचें साधन ठरूं शकतो, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. ताम्रपट सांपडला तर तो घांसूनपुसून चकचकीत करण्यापूर्वीं त्यावरील अक्षरें वाचलीं पाहिजेत, हें आतां सर्वांस पटतें. जुना सांगाडा सांपडला तर मात्र तो आधीं घांसला जातो, मग रंगविला जातो, आणि वाचावयाचें राहूनच जातें.

दुसऱ्या महायुद्धांतील जीपगाडी हें याचें ठळक उदाहरण होय. १९४१ ते १९४५ या काळांत विलिस व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सुमारें ६ लक्ष ४० हजार जीपा तयार केल्या. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, इंफाळ-कोहिमाच्या डोंगरांत त्या धांवल्या. ब्रह्मदेशांत तर रबरी चाकें काढून रुळांवर चालणारीं चाकें त्यांना बसविण्यांत आलीं आणि त्यांनीं आगगाडीचे डबे ओढले. आज यूरोप-अमेरिकेंतील संग्रहालयें व हौशी मंडळी, आणि थोड्या प्रमाणांत भारतांतील हौशी लोकही, मोडकळीस आलेल्या अशा जीपा पुन्हां उभ्या करीत असतात. पाहणाराचें लक्ष बॉनेटवरील पांढऱ्या ताऱ्याकडे आणि मळकट हिरव्या रंगाकडे जातें. पण गाडी खरी किती आणि बनावट किती, याचा निकाल त्या रंगांत लागत नाहीं. तो खालच्या सांगाड्यांत लागतो. कारखान्यांतील लोक ज्यास चासी म्हणतात तो हा सांगाडा. वाड्याच्या तुळयांवर जसा माडीचा भार, तसा या सांगाड्यावर इंजिनाचा, आंसांचा, कमानपाट्यांचा आणि वरच्या पत्र्याच्या पेटीचा भार असतो. पत्रा बदलला तरी गाडी तीच राहते. सांगाडा बदलला म्हणजे ती तीच राहिली काय, हा प्रश्न उभा राहतो.

या सांगाड्याचा जन्म मोठ्या घाईंत झाला. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स पडलें आणि जुलैमध्यें अमेरिकन लष्करानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना गति देणाऱ्या गाडीची मागणी धाडली. पहिली गाडी ४९ दिवसांत आणि एकंदर ७० गाड्या ७५ दिवसांत हव्या होत्या. वजन १३०० पौंडांच्या आंत असावें अशी अट होती. बहुतेकांनीं ही मागणी अशक्य म्हणून सोडून दिली. पेनसिल्व्हेनियांतील बटलर या लहान गांवच्या बॅन्टम मोटार कंपनीनें ती स्वीकारली. दिवाळें निघण्याच्या बेतांत असलेल्या या कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या तंत्रज्ञास बोलाविलें. त्यानें थोड्याच दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदतीच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, पहिली गाडी मेरीलंडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर येऊन उभी राहिली.

गाडी पसंत पडली. परंतु एवढ्या लहान कंपनीच्या हातून लाखों गाड्या होणार नाहींत अशी भीति लष्करास वाटली. बॅन्टमचे आराखडे विलिस आणि फोर्ड यांनाही दाखविण्यांत आले. १९४१ च्या जुलैंत सोळा हजार गाड्यांचें मोठें काम विलिसला मिळालें, आणि त्या वर्षाच्या अखेरीस विलिसच्याच नमुन्याबरहुकूम गाड्या करण्याचें काम फोर्डला देण्यांत आलें. बॅन्टमच्या वांट्यास पावणेतीन हजारांहूनही कमी जीपा आल्या; पुढें ती कंपनी जीपमागें जोडावयाच्या लहान गाड्या करीत राहिली. बॅन्टमची ती पहिली जीप आज अस्तित्वांत नाहीं. त्या सत्तरांपैकीं सातव्या क्रमांकाची जीप मात्र शिल्लक असून ती अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. बॅन्टमनें प्रथम काय घडविलें याचा लोखंडी पुरावा म्हणून तिचें मोल आहे. आणि तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्यांचीं नांवें जाहिरातींत आलीं नाहींत, त्यांच्या कामाची साक्ष पुष्कळदां वस्तूच देते.

वजनाच्या अटीनें या सांगाड्याला आकार दिला. तेराशें पौंडांत अशी गाडी होणेंच शक्य नव्हतें. पुढें मर्यादा वाढवून ती २१६० पौंडांवर आणण्यांत आली. विलिसची पहिली गाडी त्यापेक्षांही अडीचशें पौंडांवर जड भरली. विलिसचे मुख्य तंत्रज्ञ बार्नी रूस यांच्यापुढें दोन वाटा होत्या : आपलें साठ अश्वशक्तीचें दमदार इंजिन सोडून हलकें इंजिन घ्यावयाचें, किंवा इंजिन राखून बाकीच्या गाडीचें वजन छाटावयाचें. त्यांनीं दुसरी वाट धरली. गाडी सुटी करून एकेक भाग तोलण्यांत आला. लांब बोल्ट आंखूड केले गेले. रंगाचा एक हातदेखील वजनांत धरला गेला असें सांगतात. जीपच्या सांगाड्यांत अघळपघळपणा कोठेंच दिसत नाहीं याचें कारण हें. जेथें जितकें पोलाद हवें तेथें तितकेंच तें आहे. म्हणून तो चपळ झाला, आणि म्हणूनच, खड्ड्याखळग्यांतून अतोनात ओझें वाहतांना, तो कांहीं ठराविक ठिकाणीं चिरूंही लागला.

त्याची रचना साधी आहे. लांबीच्या दिशेनें पन्हळीच्या आकाराच्या दोन पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया. हे सांधे मुख्यत्वें रिव्हेटांनीं ठोकलेले. मागच्या आडव्या तुळईला तोफ किंवा लहान गाडी ओढण्याचा आंकडा असे. त्याचा ओढा सोसण्यासाठीं तेथें जास्तीच्या तिरप्या पट्ट्यांचा आधार दिलेला असे. पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर ८० इंच. विलिस आणि फोर्ड यांच्या गाड्यांचे भाग एकमेकांस बसले पाहिजेत अशी लष्कराची सक्त अट असल्यामुळें वरवर पाहतां दोन्ही सांगाडे जुळ्या भावांसारखे दिसतात. पण जाणत्यास फरक कळतो. पुढच्या बाजूस, जेथें दोन तुळया एकत्र बांधल्या जातात, तेथें विलिसच्या सांगाड्यांत गोल नळी असते. फोर्डच्या सांगाड्यांत तीच जागा चौकोनी पट्टीनें घेतलेली असते. फोर्डनें आपल्या असंख्य भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरदेखील, आपल्या नांवाचें आद्याक्षर उठविलें. फोर्डचा क्रमांक डाव्या तुळईच्या वरच्या अंगावर पोलादांतच ठोकलेला असे. विलिसचा क्रमांक मात्र एका लहानशा पत्रीवर कोरून ती पत्री पुढें डाव्या तुळईच्या आंतल्या अंगास रिव्हेटांनीं बसविलेली असे. हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु पुढें त्यावरच वाद माजतात. ठोकलेला क्रमांक हलवितां येत नाहीं. पत्री मात्र काढतां येते, हरवते, आणि दुसऱ्या सांगाड्यावर चढवितांही येते.

युद्धांत या दोन जुळ्या भावांची सरमिसळ झाली. आघाडीमागच्या दुरुस्तीच्या तळांवर मोडलेल्या गाड्यांचे ढीग येत. एकीचें इंजिन, दुसरीचे आंस, तिसरीची पेटी घेऊन कारागीर चालती गाडी उभी करीत. हा भाग विलिसचा कीं फोर्डचा, हें पाहण्यास कोणास सवड नव्हती. भाग एकमेकांस बसावे ही अट घातली होती ती याचसाठीं. युद्धानंतरही हा क्रम थांबला नाहीं. फ्रेंच लष्करानें आपल्याकडील जीपा पॅरिसजवळच्या ला मालतुर्ने येथील कारखान्यांत नेऊन पूर्णपणें सुट्या केल्या, भाग तपासले, आणि हाताशीं आलेल्या भागांतून पुन्हां गाड्या जोडल्या. तेथून बाहेर पडलेल्या गाडींत सांगाडा विलिसचा आणि पेटी फोर्डची असणें ही नित्याची गोष्ट होती.

आतां अशी एक मिश्र जीप एखाद्या हौशी गृहस्थाच्या हातीं आली असें समजा. त्याला ती कारखान्यांतून जशी निघाली तशी करावयाची आहे. म्हणून तो फोर्डचे भाग काढून टाकतो, विलिसचे भाग शोधून आणतो, आणि अखेर एक निर्भेळ विलिस जीप तयार करतो. गाडी सुरेख दिसते. पण तिनें पाहिलेलें युद्ध, तळावरील ती दुरुस्ती, नंतर दुसऱ्या देशाच्या लष्करांत झालेली चाकरी, हें सर्व त्यानें पुसून टाकलें. कारखान्यांतील एका सकाळची गाडी त्याला मिळाली; तिच्या सबंध आयुष्याची हकीकत मात्र भंगारांत गेली. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ येथें कसोटीला लागतो. जें जीर्ण झालें आहे त्याला उचलून धरावयाचें, कीं जीर्णपणाची प्रत्येक खूण नाहींशी करावयाची?

म्हणूनच जाणते कारागीर हातांत घण घेण्यापूर्वीं वही घेतात. गाडी उघडतांना प्रत्येक सांध्याचें छायाचित्र घेतलें जातें, प्रत्येक बोल्टाला चिठ्ठी बांधली जाते. रंग सरसकट खरवडला जात नाहीं. एका कोपऱ्यांत तो थराथरानें उतरविला जातो. वरचा निळा किंवा लाल रंग कोणा शेतकऱ्यानें किंवा मोटारवाल्यानें दिलेला असतो. त्याखालीं एखाद्या नंतरच्या लष्कराचा. आणि तळाशीं १९४० च्या दशकांतील तो बिनचकाकीचा मळकट हिरवा. झाडाच्या बुंध्यांतील वलयांवरून जसें वय कळतें, तसा या थरांवरून गाडीच्या मालकांचा क्रम कळतो. वाळूच्या झोतानें गंज काढण्याची रीत आज सर्वत्र रूढ आहे, आणि ती सोयीची आहे. पण तो झोत ठोकलेल्या आंकड्यांवरून बेदरकारपणें फिरला तर पुसट झालेला क्रमांक कायमचा जातो. म्हणून क्रमांकाची जागा आधीं शोधून, तिचा ठसा घेऊन, ती झांकून ठेवावी लागते.

त्यानंतर सांगाडा सरळ आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. यासाठीं लागणारीं साधनें कोणत्याही गवंड्यास परिचित आहेत. सांगाडा समपातळींत ठेवून त्याच्या ठराविक भोकांतून ओळंबे सोडतात, खालीं जमिनीवर खडूच्या खुणा करतात, आणि कर्णांची लांबी मोजतात. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा काटकोनांत आहे; एक लांब व एक आंखूड भरला तर कधीं काळीं त्यानें एका अंगानें जबर धक्का खाल्ला आहे. गाडी दरींत गेली होती, झाडावर आदळली होती, कीं मागून दुसऱ्या गाडीनें ठोकर दिली होती, याचा पुष्कळसा उलगडा येथेंच होतो. वांक काढतांना शक्य तों जॅकच्या दाबानें, न तापवितां, हळूहळू काढतात. कारण पोलाद बेसुमार तापविलें तर त्याचा मूळचा कणखरपणा जातो.

तडा शोधण्याची एक जुनी युक्ति कारखान्यांतून अजून चालते. स्वच्छ केलेल्या पोलादावर घासलेट चोळावयाचें, तें पुसून कोरडें करावयाचें, आणि वर खडूची पूड लावावयाची. तडा असेल तर त्यांत मुरलेलें घासलेट हळूहळू वर येतें आणि पांढऱ्या पुडींत एक बारीक काळपट रेघ उमटते. तड्याच्या टोंकाशीं लहानसें भोक पाडलें म्हणजे तो पुढें सरकत नाहीं. मग तो खोबणी करून सांधतात आणि आवश्यक तेथें पाठीशीं पट्टी देतात. गंजाचें काम याहून कपटी. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. दोन पत्रे एकमेकांवर ठोकलेले असतात तेथें पाणी शिरतें, आंतल्या आंत गंज धरतो, आणि पाचर ठोकावी तसा तो त्या पत्र्यांना एकमेकांपासून फांकवितो. वरून धडधाकट दिसणारी मागची तुळई उघडल्यावर आंतून भुसभुशीत निघते ती यामुळें.

अशा वेळीं जुने रिव्हेट काढावे लागतात, आणि येथें सोपी वाट कारागिराला खुणावूं लागते. वेल्डिंग करून टाकलें तर काम तासाभरांत आटोपतें. रिव्हेट मारावयाचा तर तो भट्टींत लालबुंद करावा लागतो, भोकांत घालून एका बाजूनें जड लोखंडाचा टेकू द्यावा लागतो, आणि तो निवण्यापूर्वीं दुसऱ्या बाजूनें त्याचें डोकें घडवावें लागतें. निवतां निवतां रिव्हेट आकसतो आणि दोन्ही पत्रे आंवळून धरतो. हा खटाटोप केवळ जुन्याच्या हौसेपोटीं नव्हे. एक चाक खड्ड्यांत आणि दुसरें दगडावर असतां सांगाड्याला किंचित् पीळ बसतो. तो तसा लवावा अशीच त्याची योजना आहे. सर्व सांधे वेल्डिंगनें ताठ करून टाकले तर तो ताण नाहींसा होत नाहीं. तो शेजारच्या निरोगी पोलादांत शिरतो आणि तेथें नवा तडा पाडतो. ज्यानें हा सांगाडा योजिला त्याचा विचार समजून न घेतां केलेली बळकटी शेवटीं दुबळेपणाच ठरते.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड. सांगाडा इतका कुजला असेल कीं त्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं, तर काय करावें? आज जीपचे नवे सांगाडे तयार करून विकले जातात. नव्या पेट्या मिळतात. जवळजवळ सबंध जीप नव्या भागांतून उभी करतां येते. नव्या सांगाड्याच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे. गाडी रस्त्यावर न्यावयाची असेल तर तिच्यावर बसणाराचा व समोरून येणाराचा जीव इतिहासाच्या हौसेपेक्षां मोलाचा आहे. कुजलेल्या तुळईवर ब्रेकचा ताण देणें हा शहाणपणा नव्हे. पण नवा सांगाडा घालून त्यावर जुनी पत्री ठोकावयाची, आणि ही १९४३ सालची जीप असें सांगावयाचें, ही सरळ खोटी साक्ष होय. तिनें पुढच्या संशोधकाची फसवणूक होते आणि ज्यांच्या नांवावर ती मिरविली जाते त्या मूळ कारागिरांचाही अपमान होतो.

या पेंचांतून निघण्याची वाट पुण्याच्या वाचकांस अपरिचित नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली आणि १९६६ सालीं पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति उघडावी. शेंकडों पोथ्या ताडून संपादकांनीं पाठ ठरविला. परंतु जेथें पाठ निःसंशय नव्हता, तेथें त्याखालीं नागमोडी रेघ छापली, आणि गाळलेले पाठ तळटीपांत जपून ठेवले. वाचकाला दुव्याची खात्री कोठें आहे आणि कोठें नाहीं, हें डोळ्यांनीं दिसतें. १९६४ सालीं व्हेनिस येथें जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठीं जी सनद तयार झाली तिचेंही सांगणें हेंच आहे : अनुमान जेथें सुरू होतें तेथें जीर्णोद्धारानें थांबावें, आणि नवा घातलेला भाग जुन्याशीं शोभावा पण जुना म्हणून खपूं नये. वास्तूला व पोथीला जो न्याय, तोच सांगाड्याला. नव्या तुळईच्या आंतल्या अंगावर, सहज न दिसेल पण शोधणाराला सांपडेल अशा जागीं, वर्षाचा ठसा मारावा; कापलेला जुना तुकडा चिठ्ठी लावून ठेवावा; काय बदललें आणि काय राखलें याची नोंद गाडीबरोबर द्यावी. एवढें केलें कीं नवें पोलादही प्रामाणिक ठरतें.

महाराष्ट्राचाही या गोष्टीशीं संबंध आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहंमद या कंपनीनें १९४७ सालीं विलिसच्या ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपानें आणून येथें जोडल्या. १९४८ सालीं त्या कंपनीचें नांव महिंद्र अँड महिंद्र असें झालें. ती नागरी जीप लष्करी जीपचीच धाकटी बहीण असल्यामुळें तिचे पुष्कळसे भाग थोरलीला बसत. युद्धानंतर येथें राहिलेल्या लष्करी जीपा त्यामुळें दीर्घकाळ चालत राहिल्या, आणि त्यांच्या अंगावर मुंबईच्या भागांची भर पडत गेली. अशी जीप उघडतांना तो मुंबईचा भाग अशुद्ध म्हणून फेंकावा काय? युद्ध संपल्यावर ही गाडी या भूमींत कशी जगली, याचा तो पुरावा आहे. अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या सैन्यांचे रणगाडे पाहण्यास लोक तेथें आवर्जून जातात. रणगाड्याला त्याच्या आकारामुळेंच मान मिळतो. गांवोगांवच्या गोठ्यामागें किंवा कारखान्याच्या परसांत पडलेल्या जीपच्या सांगाड्याला तसा मान नाहीं. तो भंगाराच्या भावानें तोलला जातो.

अशा एखाद्या सांगाड्याच्या पुढच्या नळीवर कधीं कधीं वेल्डिंगची एक ओबडधोबड गांठ आढळते. ती कारखान्यांतली नव्हे. रात्रीं, पावसांत, तोफांच्या आवाजांत कोणा कारागिरानें घाईनें मारलेली असेल, किंवा पुढें एखाद्या बाजारपेठेच्या गांवीं दुकानदारानें मारलेली असेल. तिच्यावर नांव नाहीं. ती खरवडून गुळगुळीत करणें अर्ध्या तासाचें काम आहे. चांगला कारागीर ती बळकट आहे कीं नाहीं हें तपासतो, वहींत तिची जागा नोंदवितो, तिच्यावर अस्तराचा हात फिरवितो, आणि ती आहे तशी ठेवतो.